पाळी लांबते, रिपोर्टमध्ये ‘व्हिटॅमिन डी कमी’ : पीसीओएस आणि डी जीवनसत्त्वाचा खरा संबंध किती?

बुलढाणा | आरोग्य माहिती

पाळी दोन-दोन महिने येत नाही म्हणून मुलीला किंवा सुनेला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ लिहून आलं. सोबत रक्त तपासलं, त्यात व्हिटॅमिन डी कमी निघालं. डॉक्टरांनी आठवड्याला एक याप्रमाणे पाकिटं आणि आणखी काही गोळ्या लिहून दिल्या. घरच्यांनी आपापला अर्थ काढला की व्हिटॅमिन कमी होतं म्हणूनच पाळी चुकत होती. पाकिटं संपली, बाकीच्या गोळ्या मध्येच सुटल्या आणि सहा महिन्यांनी पाळी पुन्हा लांबली.

बऱ्याच घरांत हे असंच होतं. यात पैसा तर जातोच, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे वेळ जातो. त्या काळात साखर वाढत राहते, लग्न झालेल्या बाईला मूल होत नाही म्हणून बोलणी खावी लागतात आणि खरा उपचार मागे पडतो. म्हणून डी जीवनसत्त्वाचा पीसीओएसशी नेमका किती संबंध आहे, ते इथे सोप्या भाषेत दिलं आहे.

थोडक्यात

- पीसीओएस असलेल्या अनेक महिलांमध्ये व्हिटॅमिन डी कमी आढळतं. पण ते कमी असणं हेच पीसीओएसचं कारण आहे, असं सिद्ध झालेलं नाही.
- डी कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं. हाडं आणि स्नायूंसाठी ते गरजेचं आहे.
- फक्त डीची पाकिटं घेऊन पीसीओएस बरा होत नाही. वजन, खाणं, चालणं आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं हाच मुख्य उपचार आहे.
- ६० हजार युनिटचं पाकीट रोज घ्यायचं नसतं. किडनीचा त्रास किंवा मुतखडा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.
- तीन महिने पाळी आली नाही तर वाट पाहत बसू नका, तपासणी करा.

पीसीओएस म्हणजे काय?

गावात याला ‘पीसीओडी’ किंवा ‘अंडाशयावर गाठी’ म्हणतात. खरं तर त्या गाठी नसतात. अंडाशयात दर महिन्याला एक स्त्रीबीज तयार होऊन बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये अनेक बीजं अर्धवट वाढून थांबतात आणि सोनोग्राफीत ती मण्यांच्या माळेसारखी दिसतात. हा कॅन्सर नाही. त्या ‘गाठी’ काढायला ऑपरेशन करण्याची सहसा गरज पडत नाही.

मूळ बिघाड हार्मोनचा असतो. अनेक महिलांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही. मग शरीर जास्त इन्सुलिन तयार करतं. हे वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. त्यामुळे बीज बाहेर पडत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर आणि ओठांवर राठ केस येतात, तोंडावर मुरुम येतात, डोक्यावरचे केस विरळ होतात. मानेवर आणि काखेत काळसर, जाडसर पट्टा दिसतो. बायका तो मळ समजून घासत बसतात, पण ती इन्सुलिन बिघडल्याची खूण असते.

निदानासाठी डॉक्टर तीन गोष्टी बघतात : पाळी अनियमित आहे का, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा आहेत का, आणि सोनोग्राफीत अंडाशय तसं दिसतं का. या तीनपैकी दोन जुळल्या आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन यांसारखी दुसरी कारणं नाहीत असं दिसलं, तर पीसीओएस म्हणतात. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात ही पद्धत ठरली.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिली पाळी आल्यानंतर वर्षभर ती मागे-पुढे होणं नैसर्गिक आहे. पहिल्या पाळीपासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये, असं २०२३ चे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियम सांगतात. या वयात निरोगी मुलींचं अंडाशयही तसंच दिसू शकतं. म्हणून १४-१५ वर्षांच्या मुलीच्या फक्त सोनोग्राफी रिपोर्टवर ‘पीसीओडी’ लिहिलं आहे म्हणून घाबरून जाऊ नका.

हा त्रास फक्त शहरातल्या पोरींना होतो का?

नाही. मुंबईच्या परळ भागात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी मुंबईतल्या १५ ते २४ वर्षांच्या मुलींची पाहणी केली होती. २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. रॉटरडॅम पद्धतीने मोजलं तर २२.५ टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळला. त्याच मुलींना जरा कडक निकष लावले तर हाच आकडा १०.७ टक्क्यांवर आला.

पुढे देशभरातल्या १८ ते ४० वयाच्या नऊ हजारांहून जास्त महिलांचा अभ्यास झाला. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही मोजमाप बदललं की आकडा ७.२ टक्क्यांपासून १९.६ टक्क्यांपर्यंत बदलतो, असं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात पीसीओएस असलेल्या ७० टक्क्यांपर्यंत महिलांचं निदानच झालेलं नसतं.

म्हणजे हा त्रास दुर्मीळ नाही आणि कोणाचा दोषही नाही. बारीक बांध्याच्या, दिवसभर वावरात राबणाऱ्या बाईलाही तो होऊ शकतो. घरात आई, मावशी किंवा बहिणीला पीसीओएस असेल, किंवा जवळच्यांना मधुमेह असेल, तर शक्यता वाढते.

उन्हात राबूनही डी कमी कसं?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. व्हिटॅमिन डी मुख्यतः कातडीत तयार होतं. उन्हातली विशिष्ट अतिनील किरणं उघड्या कातडीवर पडली की ते बनायला सुरुवात होते. मग लिव्हर आणि त्यानंतर किडनी त्याला कामाचं रूप देतात. खाण्यातून ते फार थोडं मिळतं.

आता आपल्याकडचं चित्र बघा. कापूस वेचायला किंवा निंदायला जाणारी बाई साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते आणि डोक्याला-तोंडाला रुमाल किंवा दुपट्टा गुंडाळते. ते बरोबरच आहे, नाहीतर ऊन लागतं आणि पऱ्हाटीने हात ओरबाडतात. पण त्यामुळे ऊन कातडीपर्यंत पोचत नाही. शाळा-कॉलेजला जाणाऱ्या मुली सकाळी एसटीत, दुपारी वर्गात, येताना स्कार्फमध्ये. सावळ्या कातडीला डी तयार करायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात ढग आडवे येतात.

हे फक्त आपल्याच जिल्ह्यात आहे असंही नाही. उत्तर प्रदेशात लखनौजवळच्या खेड्यांमधला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. भरपूर ऊन असलेल्या त्या भागात किशोरवयीन मुलींपैकी ८८.६ टक्के मुलींमध्ये डी कमी निघालं. २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या २४ टक्के मुला-मुलींमध्ये कमतरता दिसली. दोन्ही आकड्यांत एवढा फरक दिसण्यामागे ‘कमी’ कशाला म्हणायचं, हेही एक कारण आहे. सर्वेक्षणाने १२ पेक्षा कमी असेल तरच कमतरता धरली, लखनौच्या अभ्यासाने २० पेक्षा कमी.

यातून एक मुद्दा निघतो. पीसीओएस नसलेल्या मुलींमध्येही डी कमी असण्याचं प्रमाण मोठं आहे. त्यामुळे पाळी चुकणाऱ्या मुलीच्या रक्तात ते कमी निघालं, तर लगेच कारण सापडलं असं म्हणता येत नाही. तपासली असती तर शेजारच्या, पाळी नियमित असलेल्या मुलीच्या रक्तातही कदाचित ते कमीच निघालं असतं.

मग दोघांचा संबंध जोडला का गेला?

संबंध जोडण्याला आधार आहे. डी जीवनसत्त्वाचा संदेश घेणाऱ्या जागा अंडाशयाच्या पेशींत असतात. इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाच्या पेशींतही असतात. त्यामुळे डी कमी पडलं तर इन्सुलिन आणि बीज दोन्हींवर परिणाम होत असेल, अशी शंका संशोधकांना आली.

१९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पीसीओएस असलेल्या १३ महिलांना व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम दिलं गेलं. दोन महिन्यांत त्यातल्या सात जणींची पाळी सुरळीत झाली. दोघींना दिवस गेले. या बातमीने मोठी आशा निर्माण झाली. पण महिला फक्त १३ होत्या आणि तुलनेसाठी औषध न दिलेला दुसरा गट नव्हता. पीसीओएसमध्ये पाळी कधी कधी आपोआपही सुधारते. त्यामुळे सुधारणा डीमुळे झाली, कॅल्शियममुळे झाली की आपोआप, हे त्यातून ठरत नाही.

नंतर दुसरी अडचण लक्षात आली. व्हिटॅमिन डी चरबीत साठतं. वजन जास्त असेल तर ते चरबीत अडकून राहतं आणि रक्तात कमी दिसतं. पीसीओएसमध्ये अनेकींचं वजन वाढलेलं असतं. म्हणजे वाढलेलं वजन एकीकडे इन्सुलिन बिघडवतं आणि दुसरीकडे रक्तातलं डी कमी दाखवतं. दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात, पण म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. पावसात छत्र्याही दिसतात आणि चिखलही दिसतो, पण छत्रीमुळे चिखल होत नाही.

औषध देऊन पाहिलं तेव्हा काय झालं?

खरी परीक्षा तीच. दिल्लीच्या एम्समध्ये पीसीओएस असलेल्या ३६ महिलांवर प्रयोग झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना मेटफॉर्मिन दिलं. एका गटाला सोबत रोज ४ हजार युनिट पडेल एवढं व्हिटॅमिन डी दिलं, दुसऱ्या गटाला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं पाकीट दिलं. कोणाला काय मिळतंय हे महिलांनाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही नाही. सहा महिन्यांनी इन्सुलिनच्या मोजमापांत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही.

इतर देशांतही असे बरेच छोटे प्रयोग झाले. काहींत इन्सुलिन किंवा पुरुषी हार्मोन थोडं सुधारलं, काहींत काहीच फरक पडला नाही. यातले बरेचसे प्रयोग थोड्या महिलांवर आणि दोन-तीन महिन्यांचेच होते. जिथे फायदा दिसला तिथेही तो लहान होता.

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४२३ लोकांवर अमेरिकेत मोठा प्रयोग झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज ४ हजार युनिट डी घेणाऱ्यांत मधुमेह किंचित कमी दिसला, पण तो फरक ठोस म्हणण्याइतका नव्हता. हा प्रयोग पीसीओएसचा नव्हता, पण इन्सुलिनचा बिघाड दोन्हीकडे असतो म्हणून तो इथे महत्त्वाचा.

सगळं मिळून आजचं उत्तर असं : डी कमी असेल तर भरून काढा. त्याने पीसीओएसला थोडी मदत होऊ शकते. पण तेवढ्या भरवशावर बाकीचा उपचार सोडू नका.

रिपोर्ट कसा वाचायचा?

तपासणीचं नाव ‘२५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ असतं. आकडा बहुतेक ठिकाणी एका मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये देतात.

- १२ पेक्षा कमी : स्पष्ट कमतरता. उपचार हवा.
- १२ ते २० : कमी. डॉक्टर वय, लक्षणं आणि हाडांचा त्रास बघून औषध ठरवतात.
- २० च्या वर : हाडांच्या दृष्टीने बहुतेकांना पुरेसं.
- २० ते ३० : बऱ्याच लॅब इथे ‘अपुरं’ असं छापतात. काही तज्ज्ञ संस्थांनी पूर्वी ३० चा आकडा धरला होता, त्यावर मतभेद आहेत. रिपोर्टमध्ये २४ किंवा २६ आलं आणि समोर लाल अक्षर दिसलं म्हणून घाबरू नका.

आकडा कुठल्या एककात आहे तेही बघा. काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात, तो आकडा अडीचपट मोठा दिसतो. ५० नॅनोमोल म्हणजे २० नॅनोग्रॅम.

खासगी लॅबमध्ये ही तपासणी महाग पडते. पीसीओएससाठी हातात थोडेच पैसे असतील, तर आधी साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या हार्मोनच्या तपासण्या करा. साखरेत उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली अशा दोन्ही बघितल्या तर बिघाड लवकर कळतो. आधी कुठल्या तपासण्या करायच्या, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. तो तुमचा हक्क आहे.

पाकीट घेताना या चुका टाळा

मेडिकलवर मिळणारं डीचं नेहमीचं पाकीट किंवा कॅप्सूल ६० हजार युनिटची असते. कमतरता असेल तर डॉक्टर साधारणपणे आठवड्याला एक, असं सहा ते आठ आठवडे देतात. काही जण चिठ्ठी नीट न वाचता ते रोज घेतात. आयसीएमआरने २०२० मध्ये प्रौढांसाठी रोजची गरज ६०० युनिट ठरवली आहे. स्वतःहून घेताना रोज ४ हजारांच्या वर जाऊ नये. यावरून ६० हजारांचं पाकीट रोज घेणं किती धोक्याचं आहे ते समजेल.

जास्त डी शरीराबाहेर सहज पडत नाही, ते साठत जातं. रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग खूप तहान लागते, वारंवार लघवी होते, मळमळतं, उलट्या होतात, शौचास कडक होते, गळून जायला होतं. पुढे मुतखडा होऊ शकतो आणि किडनीला इजा होते.

आपल्या जिल्ह्यात हे जास्त जपायला हवं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतल्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या तक्रारी अनेक वर्षांपासून चर्चेत आहेत. घरात कोणाला किडनीचा आजार किंवा मुतखडा असेल, तर त्या माणसाने शेजारणीचं उरलेलं पाकीट कधीच घेऊ नये. किडनी अधू असेल तर डीचं वेगळं औषध आणि वेगळा डोस लागतो.

चांगली वस्तूही जास्त झाली की त्रास देते, याचा अनुभव जिल्ह्याने घेतला आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत थोड्याच दिवसांत लोकांचे केस गळून टक्कल पडायला लागलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणीनंतर गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियम शरीराला थोडंसं लागतंच, पण प्रमाणाबाहेर गेलं की केसांवर जातं. पीसीओएसमधली केसगळती तशी नसते. ती महिनोन्महिने हळूहळू होते आणि भांगाची जागा रुंद होत जाते. चार-आठ दिवसांत पुंजकेच्या पुंजके गळत असतील तर कारण दुसरं आहे, लगेच आरोग्य केंद्रात दाखवा.

ऊन कधी आणि किती घ्यायचं?

‘सकाळचं कोवळं ऊन घ्या’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. सकाळी फिरणं चांगलंच, पण सूर्य खाली असताना डी बनवणारी किरणं फार कमी पोचतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे सावली. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा डी चांगलं तयार होतं. लांब असेल तेव्हा कमी.

आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेनऊ-दहालाच सावली आखूड होते. त्यामुळे ऐन दुपारी उन्हात उभं राहायची गरज नाही, उलट उष्माघाताचा धोका असतो. डिसेंबरमध्ये मात्र ऐन दुपारी, साडेबाराच्या सुमाराससुद्धा सावली जेमतेम आपल्या उंचीएवढी होते. हिवाळ्यात दुपारी अंगणात धान्य निवडताना, शेंगा फोडताना हात कोपरापर्यंत आणि पाय घोट्याच्या वर उघडे ठेवून बसलं तर फायदा होतो. काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग होत नाही.

किती वेळ? पुण्यातल्या संशोधकांनी शहरातल्या पुरुषांवर केलेल्या अभ्यासात, नेहमीचे कपडे घालून दुपारच्या उन्हात रोज तासाभरापेक्षा जास्त वेळ असेल तरच रक्तातलं डी २० च्या वर राहतं, असं दिसलं. बायकांचं अंग जास्त झाकलेलं असतं, त्यामुळे त्यांना कमी वेळ पुरेल असं धरू नका. कातडी लाल होईपर्यंत किंवा चक्कर येईपर्यंत मात्र कधीच बसू नका.

ताटात काय असावं?

अंड्याचा पिवळा बलक आणि मासे यांत थोडं डी असतं. शाकाहारी घरांसाठी पाकिटातल्या दुधावर आणि तेलावर निळ्या रंगात ‘एफ’ अक्षर आणि अधिकची खूण आहे का ते बघा. त्या खुणेचा अर्थ म्हणजे त्यात ए आणि डी जीवनसत्त्व मिसळलेलं आहे. घरच्या म्हशीच्या दुधात किंवा सुट्या तेलात ते मिसळलेलं नसतं. दूध, दही, ताक, तीळ, शेवग्याचा पाला यांतून कॅल्शियम मिळतं, डी नाही. पण हाडांना दोन्ही लागतात, म्हणून तेही चालू ठेवा.

पीसीओएससाठी ताटातला मोठा बदल वेगळाच आहे. गोड चहा दिवसातून चार-पाच वेळा होत असेल तर तो कमी करा. बिस्किटं, फरसाण, थंड पेयं, मैदा कमी करा. ज्वारीची भाकर, डाळ, उसळ, पालेभाजी, अंडी असं पोट भरणारं खा. भात-पोळीचं प्रमाण कमी करून डाळ आणि भाजी वाढवा. उपास करून उपाशी राहणं आणि संध्याकाळी साबुदाण्यावर ताव मारणं, याने इन्सुलिन आणखी बिघडतं.

पीसीओएसवर खरं काम करणारे उपाय

- वजन : जास्त असेल तर पाच ते दहा टक्के कमी झालं तरी पाळी सुधारू शकते. ७० किलो वजन असेल तर साडेतीन ते सात किलो. हडकुळं व्हायचं नाही.
- हालचाल : आठवड्यातून किमान अडीच तास भरभर चालणं. घरकाम आणि शेतकाम चांगलंच, पण धाप लागेल असं चालणं वेगळं करावं.
- पाळी आणणाऱ्या गोळ्या : ‘या गर्भनिरोधक गोळ्या आहेत, पोरीला कशाला?’ असं म्हणून त्या बंद करू नका. पीसीओएसमध्ये त्या हार्मोन ताळ्यावर आणायला देतात. पाळी अनेक महिने आलीच नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे त्याचा धोका असतो. रक्तदाब, मायग्रेन, तंबाखू, घरात रक्ताच्या गुठळीचा आजार, हे सगळं डॉक्टरांना आधी सांगा.
- मेटफॉर्मिन : साखरेचं औषध आहे, पण इन्सुलिन सुधारायला पीसीओएसमध्येही देतात. सुरुवातीला पोट बिघडू शकतं, म्हणून जेवणासोबत घ्यायला सांगतात.
- मूल हवं असेल तर : बीज तयार होण्यासाठी वेगळ्या गोळ्या असतात, त्यात लेट्रोझोल आधी वापरतात. पीसीओएस म्हणजे वांझपण नव्हे. उपचाराने बहुतेकींना मूल होतं. नवऱ्याचीही तपासणी सुरुवातीलाच करा, ती सोपी आणि स्वस्त असते.

यातलं कुठलंही औषध दुकानातून स्वतःहून आणू नका. लग्न झालेल्या बाईची पाळी चुकली असेल तर औषधाआधी गरोदरपणाची तपासणी करा.

कुठे जायचं?

गावातल्या आशाताईंशी किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी बोला. तिथून ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला मिळू शकतो. १० ते १९ वयाच्या मुलींसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक असतं, तिथे पाळीबद्दल मोकळेपणाने बोलता येतं. पुढची तपासणी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, खामगावच्या सामान्य रुग्णालयात किंवा बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात करता येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. कुठली रक्ततपासणी कुठे होते, ते जाण्याआधी विचारून घ्या. जनऔषधी केंद्रात बरीच औषधं स्वस्त मिळतात.

जाताना गेल्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा लिहून न्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली तरी चालते. जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची पाकिटं सोबत ठेवा.

हे असेल तर थांबू नका

- तीन महिने पाळी आली नाही, किंवा पहिली पाळी येऊन तीन वर्षं झाल्यावरही ती नेहमी ३५ दिवसांच्या पुढे जाते.
- मुलीचं वय १५ झालं तरी पहिली पाळी आलेली नाही.
- पाळीत खूप जास्त किंवा आठ दिवसांपेक्षा जास्त रक्त जातं.
- थोड्याच महिन्यांत आवाज घोगरा झाला आणि अंगावरचे केस झपाट्याने वाढले. हे पीसीओएसपेक्षा वेगळं असू शकतं.
- डीची पाकिटं घेत असताना खूप तहान, उलट्या किंवा पाठीत-कुशीत कळा सुरू झाल्या. पाकीट बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
- मुलगी उदास राहते, जेवत नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलते. पीसीओएसमध्ये मनाचा त्रासही होतो, आणि त्यालाही उपचार आहे.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. औषध आणि डोस तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.)